दिसलं नाही, की पाहिलंच नाही?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रोजेक्टमध्ये रोज रात्री एक जॉब चालायचा. दिवसभरात आलेल्या ऑर्डरी एका सिस्टीममधून उचलायच्या आणि दुसरीत टाकायच्या, एवढंच त्याचं काम. मधे काही गडबड झाली की लॉगमध्ये एरर पडायची आणि सकाळी जो कोणी पहिला ऑफिसात येईल तो ती बघायचा. एका सोमवारी क्लायंटची मेल आली. काही ऑर्डरी गायब दिसतायत, तुमच्या बाजूला काही घोळ आहे का? मी लॉग उघडला, एररसाठी सर्च मारला, एकही सापडली नाही. लगेच उत्तर ठोकून दिलं की आमच्या बाजूला कुठलाही दोष आढळलेला नाही. आणि चहाला गेलो.

दुपारी टीममधल्या एका सीनियर मॅडमनी ती मेल वाचली आणि माझ्या डेस्कपाशी येऊन एकच प्रश्न विचारला, "एरर नाही हे ठीक आहे रे, पण लॉगमधली शेवटची ओळ कधीची आहे?"

शेवटची ओळ १९ दिवसांपूर्वीची होती. सर्व्हरची डिस्क भरली होती, त्यामुळे लॉग लिहिणंच बंद पडलं होतं. एरर येत होत्या, पण त्यांची नोंद कुठंच होत नव्हती. माझ्या मेलमधलं वाक्य तसं बघायला गेलं तर खरं होतं. मला दोष आढळला नव्हता. फक्त तो आढळेल अशी सोयच उरलेली नव्हती, आणि ते मी तपासलं नव्हतं.

ही नामुष्की आज इथे उगाळायचं कारण म्हणजे गेले दोन वीकेंड मी ब्रिटनच्या संसदेतल्या एका समितीचा अहवाल वाचतोय. सगळे त्याला 'रशिया रिपोर्ट' म्हणूनच ओळखतात. पन्नासेक पानांचा आहे आणि मधे मधे मजकूर गाळून त्या जागी तीन फुल्या मारल्या आहेत. गुप्त माहिती अशी वगळायची तिथली पद्धत. रशियाकडून ब्रिटनला काय काय धोके आहेत आणि त्यांना तोंड द्यायला सरकार काय करतंय, हा विषय. त्यातला निवडणुकांबद्दलचा भाग थोड्याच पानांचा आहे. पण तो वाचताना मला सारखा तो १९ दिवसांचा रिकामा लॉग आठवत होता.

कोण ही समिती?

आधी थोडी ओळख. १९९४ साली ब्रिटनमध्ये गुप्तचर संस्थांसाठी एक कायदा झाला आणि त्याच कायद्यानं खासदारांची एक समिती अस्तित्वात आली, इंटेलिजन्स अँड सिक्युरिटी कमिटी. २०१३ च्या कायद्यानं तिचे अधिकार वाढले आणि ती संसदेची समिती झाली. दोन्ही सभागृहांतले मिळून नऊ सदस्य, मंत्र्यांना प्रवेश नाही. या नऊ जणांना एरवी कुणाला दिसणार नाहीत अशी कागदपत्रं बघता येतात. एमआय-५, एमआय-६, जीसीएचक्यू यांच्या प्रमुखांना समोर बसवून प्रश्न विचारता येतात. बदल्यात गोपनीयतेचा कायदा त्यांना लागू होतो. बाहेर येऊन वाटेल ते बोलायची सोय नाही.

आता या रचनेतली गोम बघा. सदस्यांची नावं पंतप्रधान सुचवतात. विरोधी पक्षनेत्याशी बोलून सुचवतात आणि शेवटी संसद नेमणूक करते हे खरं, पण सुरुवात पंतप्रधानांपासून. समितीचा अहवाल तयार झाला की तोही आधी पंतप्रधानांकडे जातो. गुप्तचर संस्थांच्या कामाला बाधा येईल असा मजकूर गाळायचा अधिकार त्यांचा. त्यांचा होकार आल्यावर अहवाल संसदेपुढे येणार. थोडक्यात, ज्या सरकारच्या कामावर लक्ष ठेवायचं त्याच सरकारच्या प्रमुखाच्या हातात 'पब्लिश'चं बटण. ज्याचा कोड तपासायचा त्याच्याच परवानगीशिवाय रिव्ह्यूमधल्या कॉमेंट्स कुणाला दिसणार नाहीत, अशी सिस्टीम आपल्यापैकी कुणी बनवेल का?

तरीही हे वर्षानुवर्षं ठीक चाललं, कारण दोन्ही बाजू संकेत पाळत होत्या. ब्रिटनचा बराचसा कारभार असाच संकेतांवर चालतो. २०१९ मध्ये मात्र संकेत पुरेनासे झाले.

नऊ महिने रखडलेलं रिलीज

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी 'बाहेर' जिंकलं. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक झाली आणि तिच्यात रशियानं हस्तक्षेप केल्याचं तिथल्या गुप्तचर संस्थांनी उघडपणे सांगितलं. साहजिकच लंडनमध्ये प्रश्न विचारला जाऊ लागला, की मग आमच्याकडेही असं काही झालं होतं का?

समितीनं २०१७ च्या अखेरीला रशियाबद्दल चौकशी करायचं जाहीर केलं. अध्यक्ष होते डॉमिनिक ग्रीव्ह, सत्ताधारी हुजूर पक्षाचेच खासदार आणि आधीचे ॲटर्नी जनरल. काम चालू असतानाच मार्च २०१८ मध्ये सॉल्सबरी गावात एका जुन्या रशियन हेरावर आणि त्याच्या मुलीवर नोव्हिचोक विषाचा प्रयोग झाला, म्हणजे विषयाची निकड कुणी वेगळी समजावून सांगायला नको होती. मार्च २०१९ मध्ये अहवालाचा मसुदा तयार झाला. मग कुठला मजकूर गाळायचा यावर गुप्तचर संस्थांशी अनेक महिने घासाघीस झाली. ते सगळं आटोपून १७ ऑक्टोबर २०१९ ला अहवाल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याकडे गेला. आता फक्त त्यांचा होकार यायचा होता.

तो आला नाही. दरम्यान १२ डिसेंबरला मुदतपूर्व निवडणूक घ्यायचं ठरलं. ६ नोव्हेंबरला संसद विसर्जित होणार होती, आणि संसदच नाही तर समितीही नाही. ५ नोव्हेंबरला ग्रीव्ह यांनी सभागृहात तातडीचा प्रश्न विचारला. पंतप्रधानांनी दहा दिवसांत उत्तर द्यायचं अशी पद्धत आहे, मग या वेळी काय अडलं? सरकारतर्फे परराष्ट्र खात्याच्या मंत्र्यानं सांगितलं की अशा गोष्टींना वेळ लागतो, यात वावगं काही नाही. दुसऱ्या दिवशी संसद विसर्जित झाली. ब्रिटिश मतदार अहवाल न वाचता मतदानाला गेले.

पुढचा घटनाक्रम एखाद्या सिरियलमध्ये दाखवला तर आपण म्हणू, काहीही दाखवतात. निवडणुकीत जॉन्सन यांना दणदणीत बहुमत मिळालं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, त्यांनी अहवालाला मंजुरी देऊन टाकली! पण आता तो प्रसिद्ध करायला समितीच नव्हती. ग्रीव्ह यांना ब्रेक्झिटवरून पक्षाविरुद्ध मतदान केल्याबद्दल सप्टेंबरमध्येच पक्षाच्या संसदीय गटातून काढलं होतं. ते अपक्ष उभे राहिले आणि पडले. नवी समिती नेमायला सरकारनं जुलै २०२० उजाडू दिला. समिती स्थापन झाल्यापासून इतका मोठा खंड कधीच पडला नव्हता.

नव्या समितीचे अध्यक्ष म्हणून सरकारला हवे होते माजी मंत्री ख्रिस ग्रेलिंग. नऊपैकी पाच सदस्य हुजूर पक्षाचे, म्हणजे निवड पक्की समजायला हरकत नव्हती. पण १५ जुलैला मतदान झालं तेव्हा हुजूर पक्षाचेच ज्युलियन लुइस विरोधी सदस्यांची चार मतं आणि स्वतःचं एक अशा पाच मतांनी निवडून आले. पक्षानं त्याच दिवशी त्यांना संसदीय गटातून काढून टाकलं. लुइस यांचं म्हणणं असं, की अध्यक्ष कोण हे समितीनं ठरवायचं असं कायद्यातच आहे, त्यात पक्षादेशाचा संबंध येतो कुठे? आठवड्याच्या आत, २१ जुलै २०२० ला, अहवाल प्रसिद्ध झाला. पंतप्रधानांकडे पोचल्यापासून नऊ महिन्यांनी.

आत काय होतं?

इतकं दडवून ठेवलंय म्हणजे आत काहीतरी भयंकर असणार, अशी सगळ्यांची अटकळ होती. रशियानं ब्रेक्झिट घडवून आणलं असं काही वाचायला मिळेल या आशेनं अनेकांनी तो उघडला असणार. तसं काही त्यात नाही. उलट समिती सुरुवातीलाच सांगते, की अशा प्रयत्नांचा निकालावर काय परिणाम झाला हे मोजणं जवळपास अशक्य आहे आणि आम्ही त्या वाटेला गेलेलो नाही. प्रत्यक्ष मतदानाच्या यंत्रणेबद्दलही फार काळजी नाही. ब्रिटनमध्ये अजून कागदी मतपत्रिका आहेत, त्या हातानं मोजतात, त्यामुळे तिथे मोठा घोटाळा करणं अवघड. (आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून जरा वाईट वाटतं, पण ते असो.)

समितीनं विचारलेला प्रश्न वेगळा होता. सार्वमतात रशियानं ढवळाढवळ केली का, हे सरकारनं शोधून पाहिलं का?

चौकशीच्या सुरुवातीला समितीनं एमआय-५ कडे याबद्दल लेखी माहिती मागितली. देशांतर्गत सुरक्षेची जबाबदारी असलेली ही संस्था. उत्तरादाखल आधी आल्या फक्त सहा ओळी. त्यातही बाहेरच्या विद्यापीठीय अभ्यासांकडे बोट दाखवलेलं. समितीनं हे सहा ओळींचं उत्तर आपल्या अहवालात नोंदवून ठेवलंय, आणि मला वाटतं सगळ्या अहवालातली सगळ्यात बोचरी नोंद तीच.

मग समितीनं हे काम नक्की कुणाचं आहे ते शोधायचा प्रयत्न केला. खोट्या प्रचाराचा विषय म्हणे संस्कृती आणि डिजिटल खात्याकडे. ते खातं म्हणालं, आम्ही फक्त धोरण बघतो, परकीय सरकारच्या मोहिमांचा माग काढणं आमच्याकडे नाही. निवडणूक आयोगाकडे निवडणुकीची देखरेख, पण हेरगिरीची साधनं नाहीत. गुप्तचर संस्थांकडे साधनं, पण निवडणुकीच्या राजकारणाच्या आसपास फिरकायची त्यांना धास्ती. सगळी टोलवाटोलवी. आपल्याकडे टिकेट कसं या टीमकडून त्या टीमकडे फिरत राहतं आणि प्रत्येक जण 'आमच्या स्कोपमध्ये नाही' असं लिहून पुढे ढकलतो, अगदी तसंच. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर, आणि टिकेट मात्र उघडंच.

गुप्तचर संस्थांच्या धास्तीत तथ्य आहे हे समितीही मान्य करते. हेर खातं निवडणुकीत लक्ष घालतंय असं नुसतं ऐकलं तरी लोकांच्या मनात पाल चुकचुकते आणि चुकचुकायलाच हवी. पण निवडणुकीत ढवळाढवळ करणं वेगळं आणि बाहेरच्यांच्या ढवळाढवळीपासून तिचं रक्षण करणं वेगळं. रक्षणाच्या कामातसुद्धा हात आखडता घेणं समितीला पटत नाही. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमताच्या वेळी रशियन प्रचाराबद्दल उघड चर्चा झाली होती. म्हणजे २०१६ पूर्वी इशारा मिळाला होता. तरीही अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या चोरलेल्या ईमेल जगजाहीर झाल्यावर, म्हणजे ब्रिटनचं सार्वमत होऊन महिना उलटल्यावर, सरकारला धोक्याचं गांभीर्य कळलेलं दिसतं.

त्यानंतरही, झाल्या गोष्टीचा मागे वळून आढावा घ्यायला हरकत नव्हती. अमेरिकेत मतदानानंतर दोन महिन्यांत, ६ जानेवारी २०१७ ला, गुप्तचर संस्थांनी एकत्र मूल्यमापन केलं आणि त्याचा सारांश लोकांसाठी प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये असं काही झाल्याचं समितीला दाखवण्यात आलं नाही. म्हणून समितीनं मागणी केली की आता तरी तसं मूल्यमापन करा आणि त्याचा सारांश लोकांना द्या. पुढे समिती म्हणते, की हस्तक्षेप अगदी किरकोळ होता असा निष्कर्ष निघाला तरी चालेल, निदान लोकांना दिलासा मिळेल. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

सरकारचं उत्तर त्याच दिवशी आलं. सार्वमतात यशस्वी हस्तक्षेप झाल्याचा कुठलाही पुरावा आम्हाला दिसलेला नाही, आणि मागे वळून मूल्यमापन करायची गरज नाही.

वाचल्यावर मला माझी ती मेल शब्दशः आठवली. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत समितीचे सदस्य, स्कॉटिश नॅशनल पक्षाचे स्टुअर्ट होझी यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हस्तक्षेप झाला की नाही हे सरकारमध्ये कुणाला माहीत नाही, कारण कुणाला ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं, आणि खरा संताप त्याचा आहे.

बरं, हे सगळं २०१६ पुरतं होतं असंही नाही. अहवाल यायच्या पाचच दिवस आधी, १६ जुलै २०२० ला, परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी संसदेला लेखी कळवलं की २०१९ च्या निवडणुकीत रशियाशी संबंधित मंडळींनी हस्तक्षेपाचा प्रयत्न केला हे जवळजवळ नक्की आहे. अमेरिकेशी चाललेल्या व्यापारी वाटाघाटींची सरकारी कागदपत्रं चोरून ती इंटरनेटवर पसरवली गेली होती. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी प्रचारात हीच कागदपत्रं हातात धरून सरकारला धारेवर धरलं होतं. म्हणजे परकीय हस्तक्षेपाबद्दलचा अहवाल पंतप्रधानांच्या टेबलावर पडून राहिला, आणि त्याच काळात झालेल्या निवडणुकीत हस्तक्षेपाचा प्रयत्न झाला!

अमेरिकेत तरी सगळं आलबेल होतं का?

समितीनं अमेरिकेचं उदाहरण दिलं म्हणून तिकडचंही थोडं बघू. सिनेटच्या गुप्तचर समितीनं २०१६ बद्दल एकूण पाच खंड काढले. पहिला जुलै २०१९ मध्ये, पाचवा ऑगस्ट २०२० मध्ये, आणि तो एकटाच हजारच्या आसपास पानांचा. आपल्या विषयाचा आहे तो तिसरा, फेब्रुवारी २०२० चा. रशियाच्या उद्योगांना ओबामा सरकारनं काय प्रतिसाद दिला, एवढाच त्याचा विषय.

हा खंड मला जास्त अस्वस्थ करून गेला, कारण तिथे 'पाहिलंच नाही' असं म्हणता येत नाही. त्यांनी पाहिलं होतं. ४ ऑगस्ट २०१६ ला सीआयएचे प्रमुख जॉन ब्रेनन यांनी रशियाच्या एफएसबी प्रमुखांना फोनवर बजावलं. सप्टेंबरमध्ये चीनमधल्या जी-२० परिषदेत ओबामा स्वतः पुतिनशी बोलले. पण लोकांना सांगायचं कधी आणि कसं? निवडणूक तोंडावर. सांगावं तर सरकार आपल्या उमेदवाराच्या बाजूनं बोलतंय असा आरोप होणार, शिवाय निवडणुकीवरचा लोकांचा विश्वासच उडाला तर रशियाचं काम आपणच केल्यासारखं. न सांगावं तर मतदार अंधारात. शेवटी ७ ऑक्टोबरला संयुक्त निवेदन निघालं. नेमकी त्याच दिवशी ट्रम्प यांची ती कुप्रसिद्ध टेप बाहेर आली आणि विकिलीक्सवर क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाच्या ईमेल पडायला लागल्या. निवेदन कुठल्या कुठे वाहून गेलं. ३५ रशियन अधिकाऱ्यांची हकालपट्टी आणि निर्बंध आले ते २९ डिसेंबरला, मतदान होऊन गेल्यावर.

यात कायदेमंडळही धुतल्या तांदळासारखं नाही. दोन्ही सभागृहांच्या, दोन्ही पक्षांच्या चार नेत्यांनी मिळून राज्यांना सावध करणारं एक पत्र लिहावं अशी सरकारची इच्छा होती. ते पत्र निघायला २८ सप्टेंबर उजाडला, आणि त्यात रशियाचं नावच नव्हतं. देखरेख करणारे लोकसुद्धा शेवटी कुठल्या ना कुठल्या पक्षाचेच असतात.

तरी एक गोष्ट मान्य करावीच लागेल. सिनेटमध्ये तेव्हा बहुमत रिपब्लिकनांचं होतं. रिचर्ड बर आणि मार्क वॉर्नर, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, दोघांनी मिळून हे काम रेटलं. सरकारी यंत्रणा तयारीत नव्हती आणि तिचे पाय कशाकशात अडकले हे तारीखवार लिहून ठेवलं. साडेतीन वर्षं उशिरा का होईना, लॉग लिहिला गेला.

आणि दिल्लीत?

आता वाचणाऱ्याच्या मनात येईल, हे सगळं साहेबाच्या देशातलं, आपलं काय? तर आपल्याकडेही ही गोष्ट घडलीय, आणि तिच्यात एक मराठी माणूस मध्यभागी आहे.

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला जोरदार फटका बसला. निवडणुकीत परदेशी पैसा आला होता अशी कुजबुज सुरू झाली. अमेरिकेचा की रशियाचा, हे बोलणारा कुठल्या बाजूचा आहे त्यावर ठरायचं. इंटेलिजन्स ब्यूरोनं चौकशी केली. जून १९६७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्या अहवालाबद्दल बातमी छापली, की पैसा दोन्हीकडून आणि बऱ्याच पक्षांना आला. अहवाल संसदेपुढे ठेवा अशी मागणी झाली. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांनी अहवाल प्रसिद्ध करायला नकार दिला.

यशवंतरावांबद्दल आपल्या घराघरांत आदर आहे, माझ्या आजोबांच्या कपाटात 'कृष्णाकाठ' अजून आहे. गुप्तचर खात्याचा कागद चव्हाट्यावर आणला तर माहिती देणारी माणसं अडचणीत येतात, हा विचार गृहमंत्र्याला करावाच लागतो. पण ब्रिटनमध्ये १९९४ नंतर जी मधली वाट निघाली, म्हणजे काही मोजक्या खासदारांना बंद दाराआड सगळं दाखवायचं, ती आपल्याकडे तेव्हा नव्हती. आजही नाही. आयबी आणि रॉ यांच्यावर संसदेच्या समितीची देखरेख असावी म्हणून मनीष तिवारींनी २०११ मध्ये खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

परदेशी पैशाला बंदी घालणारा कायदा यायला १९७६ उजाडलं. तेव्हा आणीबाणी होती आणि विरोधी पक्षांचे कित्येक नेते तुरुंगात. आता याचं पुढचं टोक बघा. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला, की देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या पक्षांनी एका परदेशी मालकीच्या उद्योगसमूहाच्या कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या या कायद्याचा भंग आहेत. दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक. पुढे काय झालं? २०१६ च्या वित्त विधेयकातून 'परदेशी' या शब्दाची व्याख्या बदलली. मार्च २०१८ च्या वित्त विधेयकात ती दुरुस्ती थेट ऑगस्ट १९७६ पासून लागू झाली. बेचाळीस वर्षं मागे! आणि ते विधेयक लोकसभेत चर्चेविना मंजूर झालं.

देणगी म्हणजे हस्तक्षेप असं मी म्हणत नाही. भारतात नोंदलेल्या, भारतात काम करणाऱ्या कंपनीचे भागधारक परदेशात असले तर ती परदेशी मानायची का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. बोलायला हवं होतं, एवढंच. लंडनमध्ये अहवाल नऊ महिने अडकला तेव्हा आरडाओरडा करायला एक समिती तरी होती, स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन अध्यक्ष झालेला एक लुइस होता. आपल्याकडे प्रश्न विचारायची जागाच नाही, त्यामुळे तो अडल्याचंही कुणाला कळत नाही.

शेवटची ओळ कधीची?

ब्रिटनमधल्या गोष्टीचा शेवट फारसा नाट्यमय नाही. २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाला आणि परकीय हस्तक्षेप हा वेगळा गुन्हा ठरला. सार्वमताची चौकशी करा म्हणून तीन तत्कालीन खासदार सरकारविरुद्ध कोर्टात गेले होते. ब्रिटिश कोर्टांनी दाद दिली नाही म्हणून ते थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. तिथला निकाल जुलै २०२५ मध्ये लागला, सरकारच्या बाजूनं. मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग झालेला नाही, असं न्यायालय म्हणालं. समितीनं मागितलेलं ते मूल्यमापन मात्र सरकारनं लोकांपुढे ठेवलेलं नाही. २०१६ च्या त्या रात्री काही झालं होतं की नव्हतं, हे कदाचित आता कधीच कळणार नाही.

आमच्या त्या प्रोजेक्टमध्ये गायब ऑर्डरींचा हिशोब लावायला आठवडा गेला. सगळ्या सापडल्या नाहीत. त्यानंतर मॅडमनी एक साधा नियम घातला. जॉब रोज रात्री लॉगमध्ये निदान एक ओळ लिहिणार, काही गडबड नसली तरी. 'आज सगळं तपासलं, काही नाही.' ही ओळ एखाद्या सकाळी दिसली नाही, तर तीच एरर समजायची. आणि ते बघणारा स्क्रिप्ट वेगळ्या सर्व्हरवर, ज्याची डिस्क भरू शकते त्याच्यावर नाही.

मघाशी ते वाक्य लक्षात ठेवा म्हटलं होतं ना? हस्तक्षेप किरकोळ होता असा निष्कर्ष निघाला तरी चालेल, पण बघा आणि सांगा. समितीला हवी होती ती हीच ओळ. सरकारनं ती लिहायचं नाकारलं, आणि वेगळा सर्व्हर तर तिथेही पुरता वेगळा नव्हता.

तेव्हा यापुढे कुठल्याही सरकारनं, कुठल्याही पक्षाच्या, 'असा कोणताही पुरावा आढळलेला नाही' असं म्हटलं की मी मॅडमचा प्रश्न विचारणार आहे. असो. उद्या सोमवार, सकाळचा लॉग बघायची पाळी माझी आहे.